शून्याचा जोड

बाटलीवरच्या चिठ्ठीवर नर्सनं माझं नाव कानडीत लिहिलं.
मोनाप्पा. ‘प्पा’ जरा कलला होता.
वीस वर्षं पाट्या रंगवतोय,
नजर आधी अक्षरावरच जाते.
नावातच अप्पा, म्हणजे बाप,
हे त्या दिवसापर्यंत ध्यानात आलं नव्हतं.

मग आत. कडी.
पांढऱ्या टाइली, जोगच्या धबधब्याचं कॅलेंडर, गळका नळ,
आणि दाराबाहेर कुणीतरी फोनवर
बटाट्याचा दर विचारत होतं, पुन्हा पुन्हा.

वैजयंता बाकावर बसून होती.
सहा वर्षं आत ती जायची, बाकावर मी.
नळ्या तपासल्या, शाई सोडून फोटो काढला,
पोटावर सुया, मंगळवारचे उपास,
सौंदत्तीच्या डोंगरावर लाकडी पाळणा बांधून आली.
माझी तपासणी करायचं कुणाला सुचलं नाही.
मलाही नाही.
खरं सांगायचं तर, सुचलं होतं.

डॉक्टरीणबाई कानडीत सुरू झाल्या,
माझा चेहरा बघून मराठीत आल्या.
तोवर मी कागद वाचला होता.
आकडा एकच.
इंग्रजीत, कानडीत, मराठीत
तोच गोल.
आमच्या बेळगावात पाटीवर वर कुठली भाषा,
खालची किती इंचांची,
यावरून मोर्चे निघतात;
एकदा माझे दोन डबे रामदेव गल्लीत सांडले,
निळा रंग गटारापर्यंत गेला.
या एका खुणेवर मात्र कुणाचं भांडण नाही.

“बारीक सुईनं आतून शोधता येईल,” बाई म्हणाल्या.
“एखादा सापडला तरी पुरे.”

स्कूटरवर, तिसऱ्या गेटाशी, मालगाडी जाईपर्यंत
वैजू पाठीमागून म्हणाली,
“घरी माझंच सांगायचं. मला सवय हाय.”
मी वाघिणी मोजत राहिलो. बेचाळीस.

त्या आठवड्यात जांबोटीच्या अंगणवाडीचं काम होतं.
भिंतभर मुलं: पतंगवाला, केळं खाणारा,
दोन वेण्यांची, पाटीवर ‘अ’ गिरवणारी.
दर नगावर. एका मुलाचे दोनशे ऐंशी.
गालांना गुलाबी लावताना
एकाचं नाक वैजूवर गेलं.
मदतनीस बाई म्हणाल्या, “हे चांगलं जमलंय.”
दुपारी ते नाक मी बदललं.

रात्री आई म्हणाली,
“शहापुरातल्या त्या बाईचं औषध हिला द्या की एकदा.”
वैजू ताटात बघत होती.
“औषध मला दे,” मी म्हटलं. “दोष माझ्यात हाय.”
आईची भाकरी हातातच राहिली.
फ्रीजची घरघर ऐकू येऊ लागली, मग तीही बंद पडली.
बऱ्याच वेळानं आई म्हणाली,
“पावण्यास्नी सांगू नगोस.”
आणि वैजूच्या ताटात, न विचारता,
तुपाचा चमचा.
सहा वर्षांत पहिला. मला राग आला तो तेव्हा.

गुरुवारची तारीख मिळाली. आगाऊ रक्कम भरायची होती.
खडेबाजारात कुंद्याच्या दुकानाची पाटी घेतली;
मालकाला हौस, फोन नंबर कानडी आकड्यांत पाहिजे.
शिडी धरायला वैजू आली. कधी येत नाही.

मीरासाब उस्ताद शिकवायचे:
शून्य खालून, डाव्या अंगानं उचलायचं,
श्वास धरून एका दमात फिरवायचं.
जोड दिसला तर गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊ नकोस.

शेवटचा आकडा. कुंचला फिरला,
वर गेला, उतरला,
आणि खाली येऊन बोटभर अलीकडं थांबला.

“काय झालं?” खालून वैजू.
“काही नाही. तोंड उघडं राहिलं.
असंच ठेवलं तर कानडीत एक होतो.”
ती वर बघत राहिली, डोळ्यांवर हात धरून.
“मग?”
“मग फोन भलत्याच घरी लागेल.”
ती हसली. शिडी जरा हलली.

मिटवलं मी ते.
जोड दिसतो. उन्हात जास्तच.
पैसे घेतले.
गुरुवारी लागणार होते.